नाव बदललं, व्हॅल्यू तीच

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर करायला मंजुरी दिली. जिल्ह्याच्या आणि महसूल विभागाच्या नावाची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. मागणी १९८८ पासूनची. १९९५ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, २००१ मध्ये तो मागे घेतला गेला आणि २०२२ च्या जून-जुलैमध्ये एकापाठोपाठ आलेल्या दोन सरकारांनी दोनदा ठराव केला. या गावाला नवी नावं नवीन नाहीत. मलिक अंबरने १६१० मध्ये शहर वसवलं तेव्हा खडकी, पुढे फतेहनगर आणि औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर औरंगाबाद. नाव कोणतं असावं हा या प्रकरणाचा विषय नाही. औरंगपुऱ्यातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरताना ‘जिल्हा’ या चौकटीवर क्लिक केलं की जी यादी उघडते, तिच्यात या बदलाने नेमकं काय बदललं आणि काय बदललं नाही, हा विषय आहे.

कारण बरंच काही बदललं नाही. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-२० आहे, शहराचा पिन ४३१००१ आहे, फोनचा कोड ०२४० आहे, चिकलठाण्याच्या विमानतळाची आंतरराष्ट्रीय खूण आयएक्सयू आहे. २०११ च्या जनगणनेने जिल्ह्याला दिलेला क्रमांक ५१५ होता, त्या नोंदींत तो ५१५ च राहणार. रेल्वेने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थानकाचं नाव बदलताना खूणही बदलली, ए-डब्ल्यू-बी जाऊन सी-पी-एस-एन आली. म्हणजे खुणाही कधीकधी बदलतात. पण त्या नावाबरोबर आपोआप बदलत नाहीत, कोणाला तरी तो निर्णय घ्यावा लागतो. वेबच्या पानावर माणसाने वाचायचं नाव आणि यंत्राने वाचायची खूण शेजारी-शेजारी राहतात, आणि जावास्क्रिप्टने त्यातलं नेमकं काय वाचायचं हे ठरवता आलं नाही की घोळ सुरू होतो.

(या पुस्तकात टॅग, अ‍ॅट्रिब्यूट आणि आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या.)

यादीतली एक ओळ घेऊ:

<ऑप्शन व्हॅल्यू="५१५">औरंगाबाद</ऑप्शन>

ही ओळ म्हणजे एक एलिमेंट. ‘औरंगाबाद’ हा त्याचा मजकूर, तो पडद्यावर दिसतो. ‘व्हॅल्यू’ हे त्याचं अ‍ॅट्रिब्यूट, ते पडद्यावर दिसत नाही. अर्ज ‘सबमिट’ केला की सर्व्हरकडे तेच जातं. २०२३ मध्ये या ओळीचं काय करायला हवं होतं? फक्त मजकूर बदलायला हवा होता:

<ऑप्शन व्हॅल्यू="५१५">छत्रपती संभाजीनगर</ऑप्शन>

सर्व्हरला पूर्वीही ५१५ मिळत होतं, आताही ५१५ मिळतं. जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एकाच जिल्ह्याखाली बसतात. बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहे, त्याच्याशी गल्लत होण्याचा प्रश्न येत नाही.

आता हे आपल्या डोळ्यांनी पाहू. असा अर्ज संगणकावर उघडा, यादीवर उजवं क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. बाजूला पानाचा सांगाडा उघडेल. त्यात आपल्या जिल्ह्याची ओळ शोधून तिच्यावर एकदा क्लिक करा आणि ‘कन्सोल’मध्ये जा. क्रोम, फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांत निवडलेल्या एलिमेंटला कन्सोलमध्ये एक तात्पुरतं नाव मिळतं: डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून शून्य. म्हणून लिहायचं:

$०.गेटअ‍ॅट्रिब्यूट("व्हॅल्यू")

एंटर दाबलं की उत्तर येतं: "५१५". ही आज्ञा १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या डॉमच्या, म्हणजे पानाच्या या सांगाड्याच्या, पहिल्या मानकापासून आहे आणि आजही चालते. कंसात अ‍ॅट्रिब्यूटचं नाव द्यायचं. ते असेल तर त्याचं मूल्य मिळतं, नसेल तर ‘नल’. ‘नल’ म्हणजे रिकामी जागा नव्हे. अ‍ॅट्रिब्यूट आहे पण त्यात काही लिहिलेलं नाही, तेव्हा रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, मिळते. अ‍ॅट्रिब्यूटच नाही, तेव्हा ‘नल’ मिळतं. हा फरक पुढे कामाला येईल.

वरच्या ओळीत व्हॅल्यू लिहिलेली आहे म्हणून सगळं सुरळीत झालं. पण पुष्कळ अर्ज घाईत केलेले असतात आणि त्यातल्या ओळी अशा असतात:

<ऑप्शन>औरंगाबाद</ऑप्शन>

इथे गेटअ‍ॅट्रिब्यूट("व्हॅल्यू") विचारलं तर ‘नल’ येतं, कारण ते लिहिलेलंच नाही. पण $०.व्हॅल्यू असं विचारलं तर उत्तर येतं "औरंगाबाद". एचटीएमएलचा नियमच तसा आहे: ऑप्शनला व्हॅल्यू दिली नसेल तर त्याचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू धरली जाते. अर्ज चालतो, कोणी तक्रार करत नाही, वर्षं जातात. मग एके दिवशी शासनाचं पत्र येतं, कोणीतरी मजकूर बदलतं, आणि त्या दिवसापासून सर्व्हरकडे वेगळीच गोष्ट जायला लागते. एकाच कोष्टकात काही विद्यार्थी ‘औरंगाबाद’चे, काही ‘छत्रपती संभाजीनगर’चे आणि कोणी हात आखडला असेल तर काही ‘छ. संभाजीनगर’चे. जिल्हावार बेरीज काढली की एका जिल्ह्याचे तीन जिल्हे होतात. पडद्यावर एकही चूक दिसत नाही, हे यातलं सगळ्यात वाईट. उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर होताना हेच घडायला जागा होती. माझ्या मते यादीतल्या प्रत्येक ओळीला व्हॅल्यू देणं ही शिस्त नव्हे, किमान गरज आहे.

गेटअ‍ॅट्रिब्यूट("व्हॅल्यू") आणि नुसतं .व्हॅल्यू यांची उत्तरं वेगळी आली, इथे बहुतेक शिकणारे अडखळतात आणि इथेच थांबून पाहायला हवं. ब्राउझर पानाचा मजकूर वाचतो तेव्हा प्रत्येक टॅगपासून एक जिवंत वस्तू तयार करतो. टॅगमध्ये लिहून आलेलं ते अ‍ॅट्रिब्यूट. वस्तूच्या अंगावर असलेलं, टिंब देऊन वाचायचं ते प्रॉपर्टी. दोघांची नावं बहुधा सारखी असतात, म्हणून एकच वाटतात.

मजकूर भरायची चौकट घ्या. ‘गाव’ या चौकटीत आधीपासून ‘छत्रपती संभाजीनगर’ भरून ठेवलं आहे, म्हणजे टॅगच्या व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ते लिहिलं आहे. अर्ज भरणाऱ्याने ते खोडून ‘पैठण’ लिहिलं. आता .व्हॅल्यू विचारलं तर "पैठण". गेटअ‍ॅट्रिब्यूट("व्हॅल्यू") विचारलं तर अजून "छत्रपती संभाजीनगर". अ‍ॅट्रिब्यूट इथे शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखं वागतं: माणूस पुढे कुठेही राहायला गेला तरी दाखल्यावरचं गाव तेच. म्हणून तर ‘रीसेट’ बटण दाबलं की ब्राउझरला मूळ नाव परत भरता येतं, तो अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पाहतो. अर्ज तपासणारा प्रोग्राम लिहिताना गेटअ‍ॅट्रिब्यूट वापरलं तर भरणाऱ्याने काय लिहिलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. उलट, मूळ मजकूर बदलला आहे का एवढंच पाहायचं असेल तर दोन्ही वाचून ताडून पाहायचं.

जिल्ह्याच्या पूर्ण यादीला, म्हणजे सिलेक्ट या एलिमेंटला, तर व्हॅल्यू नावाचं अ‍ॅट्रिब्यूट मुळातच नसतं. निवडलेला जिल्हा हवा असेल तर सिलेक्टचं .व्हॅल्यू, ते निवडलेल्या ऑप्शनची व्हॅल्यू आणून देतं.

दुव्यांमध्ये हाच फरक वेगळ्या तऱ्हेने दिसतो. टॅगमध्ये एचरेफ म्हणून फक्त "/वेरूळ" लिहिलं असेल तर गेटअ‍ॅट्रिब्यूट "/वेरूळ" एवढंच देतं, आणि .एचरेफ संकेतस्थळाच्या पत्त्यासकट संपूर्ण पत्ता जुळवून देतं. आयडी, टायटल, लँग यांच्यात असा फरक जाणवत नाही. एकीकडे बदललं की दुसरीकडे बदलतं. क्लास आणि फॉर हे शब्द जावास्क्रिप्टने स्वतःसाठी राखून ठेवलेले होते, म्हणून त्यांच्या प्रॉपर्टीची नावं क्लासनेम आणि एचटीएमएलफॉर. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

जुन्या काळी हा गोंधळ ब्राउझरच घालत होते. इंटरनेट एक्सप्लोरर ७ पर्यंत गेटअ‍ॅट्रिब्यूट("एचरेफ") पूर्ण पत्ता देत असे आणि क्लास विचारायचा तर क्लासनेम असं विचारावं लागे. त्या काळात घराघरात पोचलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने अ‍ॅटर नावाची एकच आज्ञा दिली होती, ती कधी अ‍ॅट्रिब्यूट आणि कधी प्रॉपर्टी वाचायची. मे २०११ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीत तिच्या कर्त्यांनी दोन्ही वेगळ्या केल्या, अ‍ॅटर आणि प्रॉप. तोवर लिहिलेल्या असंख्य पानांवरच्या टिकमार्कच्या चौकटी त्या दिवशी बिघडल्या. लोक चिडले, पण निर्णय बरोबर होता.

टिकमार्कवरून आठवलं. चेक्ड, डिसेबल्ड, रिक्वायर्ड ही हो-नाही प्रकारची अ‍ॅट्रिब्यूट असतात. त्यांत काय लिहिलं आहे याला अर्थ नाही, ती आहेत का एवढंच महत्त्वाचं. डिसेबल्ड="फॉल्स" असं लिहिलं तरी बटण बंदच राहतं. अशी अ‍ॅट्रिब्यूट गेटअ‍ॅट्रिब्यूटने वाचू नका. हॅझअ‍ॅट्रिब्यूट विचारा किंवा प्रॉपर्टी वाचा, उत्तर सरळ ट्रू किंवा फॉल्स मिळतं.

आणखी एक अडचण सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटते. आज्ञा बरोबर लिहिलेली असते, तरी कन्सोलमध्ये लाल अक्षरांत ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ असं येतं. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की स्क्रिप्ट पानाच्या माथ्यावर आहे आणि ती चालली तेव्हा खालचा अर्ज अजून तयारच झालेला नव्हता. जे एलिमेंट सापडलंच नाही त्याचं अ‍ॅट्रिब्यूट कुठून मिळणार? स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिच्या टॅगमध्ये डिफर हे अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं की ब्राउझर आधी पान पूर्ण वाचतो, मग स्क्रिप्ट चालवतो.

इथवर मानकाने ठरवून दिलेली अ‍ॅट्रिब्यूट पाहिली. आपली स्वतःची माहिती एलिमेंटवर ठेवायची तर एचटीएमएल ५ ने एक मोकळी जागा दिली आहे: नावाच्या सुरुवातीला ‘डेटा-’ लावायचं आणि पुढे हवं ते नाव द्यायचं. पर्यटकांसाठी शहराचं पान करतो आहोत असं धरू. वेरूळची लेणी ३४, मंगळवारी बंद. अजिंठ्याची ३०, सोमवारी बंद. प्रत्येक ठिकाणाच्या चौकटीवर ही माहिती ठेवायची आहे, म्हणजे आज मंगळवार असेल तर वेरूळची चौकट पुसट करता येईल आणि बाहेरगावचं कुटुंब टॅक्सीचे पैसे भरून कैलास लेण्याच्या बंद दारात उभं राहणार नाही.

<डिव्ह डेटा-लेणी="३४" डेटा-वार="२">वेरूळ</डिव्ह>

जावास्क्रिप्टमध्ये आठवड्याचे वार रविवारी शून्यापासून सुरू होतात, म्हणून मंगळवार २. हे वाचायला गेटअ‍ॅट्रिब्यूट("डेटा-वार") चालतं, पण त्याहून सुटसुटीत म्हणजे .डेटासेट.वार. गंमत अशी की ‘डेटा-’ हा भाग इंग्रजीत हवा असला तरी पुढचं ‘लेणी’ आणि ‘वार’ खरोखरच देवनागरीत लिहिलं तरी ब्राउझर निमूट चालवून घेतो. वरच्या सूचनेला हा एकच अपवाद. मी स्वतः तसं लिहीत नाही, कारण कीबोर्डची भाषा सारखी बदलावी लागते. पण वर्गात मुलांना दाखवायला झकास आहे. इंग्रजी नाव दोन शब्दांचं असेल तर मध्ये आडवी रेघ द्यावी. डेटासेटमध्ये ती रेघ जाते आणि तिच्यापुढचं अक्षर कॅपिटल होतं. टॅगमध्येच कॅपिटल अक्षर लिहिलं तर मात्र ब्राउझर ते मुकाट्याने लहान करतो, मग तुम्ही शोधत बसता.

आता दोन्ही ठिकाणची लेणी मिळवू. वेरूळची ३४ आणि अजिंठ्याची ३०, बेरीज ६४ यायला हवी. जावास्क्रिप्ट सांगतं ३४३०. अ‍ॅट्रिब्यूटमधून काहीही वाचलं तरी ते नेहमी स्ट्रिंग असतं, आणि दोन स्ट्रिंगांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की त्या एकापुढे एक चिकटतात. बेरजेसाठी आधी नंबर() मध्ये घालून आकडा करून घ्यायचा. वाराचंही तसंच: तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर स्ट्रिंग असलेला दोन आणि आकडा असलेला दोन जुळत नाहीत. चौकट मंगळवारीही ठसठशीत राहते आणि पाहुणे निघतात वेरूळला.

मराठी पानं करणाऱ्याला इथे एक खास आपला खड्डा आहे. टॅगमध्ये देवनागरी आकड्यांत ३४ लिहिलं आणि ते नंबर() ला दिलं तर उत्तर एनएएन येतं, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. जावास्क्रिप्टला फक्त इंग्रजी अंक ओळखता येतात. म्हणून अ‍ॅट्रिब्यूटमध्ये इंग्रजी अंक ठेवावेत आणि वाचकाला दाखवताना टू-लोकेल-स्ट्रिंग या आज्ञेला मराठी-भारत अशी खूण द्यावी. ब्राउझर आपण होऊन ६४ देवनागरीत लिहून देतो, मोठा आकडा असेल तर लाख-कोटीचे स्वल्पविरामही जागच्या जागी घालतो. मराठी अंक हवेत म्हणून थेट टॅगांत देवनागरी आकडे भरणं मला पटत नाही. वाचकाला मराठी दिसलं पाहिजे हे खरं, पण ते मजकुरात.

भाषेचं स्वतःचंही एक अ‍ॅट्रिब्यूट असतं: लँग. पानाच्या अगदी वरच्या टॅगमध्ये ते लिहितात आणि मराठीची त्यातली खूण आहे एम-आर. कन्सोलमध्ये डॉक्युमेंट.डॉक्युमेंटएलिमेंट.लँग असं विचारा आणि रोजच्या वाचनातली मराठी पानं तपासा. कितीतरी ठिकाणी ई-एन सापडेल, म्हणजे अख्खं मराठी पान स्वतःला इंग्रजी म्हणवत असतं. तयार साच्यातून पान उचललं आणि ती ओळ तशीच राहिली. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फारसं बिघडल्यासारखं वाटत नाही. पण एनव्हीडीएसारखं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाचं बिघडतं, कारण कोणत्या भाषेच्या उच्चारात वाचायचं हे ते याच अ‍ॅट्रिब्यूटवरून ठरवतं. अक्षरांच्या वळणावरही त्याचा परिणाम होतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. नोटोसारख्या काही देवनागरी फाँटांत ही मराठी वळणं ठेवलेली असतात, पण ती लँगमध्ये एम-आर असेल तरच बाहेर येतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल दिसतो.

लँग वाचताना एक खबरदारी. ते वरून खाली लागू होतं, पण खालच्या एलिमेंटला .लँग विचारलं तर रिकामी स्ट्रिंग मिळते, कारण त्याच्या स्वतःच्या टॅगमध्ये ते नसतं. तेव्हा क्लोझेस्ट ही आज्ञा वापरून ज्या सगळ्यात जवळच्या पूर्वजावर लँग लिहिलेलं आहे तो शोधायचा आणि त्याचं वाचायचं.

शेवटी एक गोष्ट, जी पान बनवणाऱ्यांपेक्षा बनवून घेणाऱ्यांनी अधिक लक्षात ठेवायला हवी. आपण वर जे केलं, उजवं क्लिक, इन्स्पेक्ट, गेटअ‍ॅट्रिब्यूट, ते कोणीही करू शकतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांची पात्रता शोधायची सोय होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राचे पत्रकार जॉश रेनॉ यांच्या लक्षात आलं की पडद्यावर न दिसणारे शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक पानाच्या मूळ मजकुरात येऊन पडतात. ते क्रमांक सांकेतिक वाटतील अशा रूपात होते, पण कुलूपबंद नव्हते. ते रूप उलगडायला किल्ली लागत नाही. वृत्तपत्राने आधी खात्याला कळवलं, खात्याने ते पान काढलं, मगच बातमी छापली. तरी राज्यपाल माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन हा ‘हॅकिंग’चा प्रकार असल्याचं सांगितलं आणि खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवायला नकार दिला.

आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या, पतसंस्थांच्या, क्लासच्या पानांवरही ‘हिडन’ प्रकारच्या चौकटी असतात. त्यांत फीची रक्कम, हजेरी क्रमांक, कधी आधार क्रमांकही ठेवलेला असतो, या समजुतीने की दिसत नाही म्हणजे ते कोणाला कळत नाही. ते वाचता येतं, आणि फीची रक्कम तर बदलूनही पाठवता येते. सर्व्हरने ती पुन्हा तपासली नाही तर विद्यार्थी एक रुपया भरून मोकळा. तुमच्या संस्थेचं असं पान असेल तर ते आज उघडा, प्रत्येक हिडन चौकटीची व्हॅल्यू वाचा, आणि जे नोटीस बोर्डावर लावायला तुमची तयारी नाही ते तिथून काढून टाका.